न आलेल्या सात फिट्स

मला न आलेल्या सात फिट्स मी डायरीत लिहिल्या. तारीख, वार, वेळ, किती मिनिटं, कुठे पडलो, काय लागलं, सगळं लिहिलं. एका फिटमध्ये डावं कोपर खरचटल्याची नोंद केली आणि पुरावा म्हणून कोपरावर हळद लावून बसलो. कोपर धडधाकट होतं.

लोक फिट्स लपवतात. लग्न ठरेपर्यंत लपवतात, नोकरी कायम होईपर्यंत लपवतात, ते मी समजू शकतो. मी वाढवल्या. असा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. का वाढवल्या ते सांगायलाच लिहायला बसलोय. ज्यांना फिट्स येतात त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं. ज्यांना येत नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही, हसण्याची सोय होईल.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. मी प्रकाश. अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्लँट ऑपरेटर. राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये, दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. बायको सुनंदा ठाण्याला एका ऑफिसात. मुलगी पिंकी तिसरीत.

*

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रसंगाला मी स्वतः हजर नव्हतो. पहिली फिट मला प्लँटवर आली. पहिल्या पाळीत, रिअ‍ॅक्टरच्या जिन्याखाली. मला आठवतं ते एवढंच की मी हातातला चहाचा कप ठेवायला जागा शोधत होतो. त्यापुढचं सगळं माझ्या पाळीतल्या कदमने सांगितलेलं आहे. कदम दर वेळी ते सांगताना त्यात एक-दोन माणसं वाढवतो. सध्या मला धरायला सहा जण लागले होते.

कदमने आपला सेफ्टी शू काढला आणि माझ्या नाकाला लावला. कुणीतरी त्याला लहानपणी सांगितलं होतं की फिटवर हाच उपाय. तो सलग दोन पाळ्या करून थांबलेला होता. मी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "गॅस कुठून लीक होतोय?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग बघितलं तर पँट ओली होती. हसणारे एकदम दुसरीकडे बघायला लागले. ते दुसरीकडे बघणं त्या दिवशी सुरू झालं.

डॉक्टरांकडे केसांत चिकट लेप लावून तारा जोडल्या, मेंदूची पट्टी काढली. आठवड्याने रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं समोर बसलो. मी घसा खाकरून विचारलं, "डॉक्टर, मिरगी वगैरे नाही ना?"

"एपिलेप्सी आहे," डॉक्टर म्हणाले.

"हां, मग ठीक आहे. मला वाटलं मिरगी."

डॉक्टरांनी सुनंदाकडे बघितलं. सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, तेच ते."

बाहेर पडताना तिने मला जिन्यात थांबवलं आणि पर्स विसरल्याचं सांगून एकटीच परत आत गेली. पर्स तिच्या खांद्यालाच होती. ती डॉक्टरांना काय विचारायला गेली होती ते मला दोन वर्षांनी कळलं. ती विचारायला गेली होती, "हे आमच्या पिंकीला होईल का?"

जिना उतरताना तिने माझा दंड धरला होता. काचेचं सामान उतरवताना हमाल धरतो तसा.

*

या दुखण्यात आपल्याला कुणी हाकलून देत नाही. लोक सभ्य असतात. ते फक्त सरकतात.

कंपनीने सांगितलं, डॉक्टरचा दाखला येईपर्यंत घरी बसा. दाखल्यासाठी फिट्स थांबायला हव्यात, आणि गोळ्या चालू असूनही महिन्याला तीनेक येतच होत्या. शेअर रिक्षात आमची चौकडी ठरलेली होती. पहिले काही दिवस मी सहज म्हणून स्टँडवर जाऊन नाक्यापर्यंत सोबत करायचो, तर मला मध्ये बसवायचे, "मध्ये बस रे पक्या, कलंडलास तर धरता येईल." मग हळूहळू रिक्षा माझ्या पोचण्याआधी सुटायला लागली.

दर पौर्णिमेला विहारात माइकवर वंदना मी म्हणायचो. आवाज बरा आहे माझा. एकदा तिथे फिट आली. पुढच्या पौर्णिमेला कार्यकर्त्यांनी मला जय भीम घातला, शेवटच्या रांगेत पंख्याखाली एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि म्हणाले, "प्रकाशदादा, तुम्ही आता आरामात बसा." इतक्या प्रेमाने म्हणाले की भांडताही येईना. त्यानंतरच्या पौर्णिमेला मी गेलो नाही. कुणी विचारलंही नाही.

आणि पिंकी. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती मला पाढे म्हणून दाखवत होती. मी शुद्धीवर आलो तेव्हा ती ओट्याखाली, सिलिंडरच्या मागे बसली होती आणि तिचा आवाज बसला होता. किती वेळ ओरडली असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की शाळेचे रिक्षाकाका तिला परस्पर अंबरनाथला माझ्या सासूबाईंकडे सोडायला लागले. संध्याकाळी सुनंदा येताना तिला घेऊन यायची.

"एकट्या बापाजवळ कशी ठेवू सांगा," सुनंदा म्हणाली. सिलिंडरमागची पिंकी मी पण बघितली होती.

मी घासाघीस केली. शेवटी सुनंदाने अट घातली. ज्या दोन महिन्यांत मिळून दोनपेक्षा जास्त फिट्स येणार नाहीत, त्यानंतर पिंकी दुपारी घरी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती सिलिंडर लावल्याची खूण करायची, शेजारी आता फिटची फुली मारायला लागली.

माझा दिवस सांगतो. सकाळी पावणेसातला पिंकी जायची. सातला सुनंदा. मग संध्याकाळी साडेसातपर्यंत मी. दुपारी लोडशेडिंग, पंखा बंद, वरच्या मजल्यावर कुणीतरी पाटा घासतंय. दाराला आतून कडी लावायची नाही, न्हाणीघराचीही नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आत पडलो तर कुणाला येता यावं म्हणून. कित्येक महिने माझ्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. चोरसुद्धा आला नाही.

*

डॉक्टरांनीच ट्रायलबद्दल सांगितलं. गोळ्या चालू ठेवायच्या, वर आठ आठवडे मानसोपचार. भीती, ताण, झोप, फिट येण्याआधीची चाहूल, यावर बोलायचं आणि सराव करायचा. त्याने फरक पडतो का ते बघायचं. उल्हासनगर कॅम्प तीनला बाजारातल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हे चालायचं. खाली जीन्सच्या कारखान्यांची मशिनं, त्यामुळे वर बसलेल्या माणसाच्या पायाला सतत बारीक थरथर जाणवायची. मी पहिल्या दिवशी दचकून खुर्ची घट्ट धरली. मला वाटलं, आली.

ट्रायल चालवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंना सगळे मॅडमच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. त्यांनी नीट समजावलं. "आपण दोन गट करणार. एका गटाला उपचार लगेच, दुसऱ्याला तीन महिन्यांनी. दोघांच्या फिट्सची डायरी ठेवायची आणि तुलना करायची. नाहीतर नुसत्या दिवसांनी बरं वाटलं की उपचाराने, कसं कळणार?"

"मग कुणी कुठल्या गटात जायचं ते तुम्ही ठरवणार ना?" मी म्हणालो आणि सोबत आणलेला माव्याच्या मिठाईचा पुडा टेबलावर पुढे सरकवला.

"मीसुद्धा नाही ठरवत," मॅडम म्हणाल्या आणि पुडा तितकाच मागे सरकवला. "बंद लिफाफे आहेत. माझी आवड-नावड आत शिरली तर सगळं वाया."

बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, शेवंताबाई. जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम करायच्या. कपाळावर जुन्या खोका. त्यांनी मोकळेपणाने विचारलं, "भाऊ, तुमच्या किती?" म्हणजे फिट्स. आजूबाजूला चार माणसं होती. मी म्हणालो, "मी जरा दुसऱ्या कामासाठी आलोय," आणि बाकावर दोन हात लांब सरकलो. इस्त्रीचा शर्ट होता ना माझा.

माझ्या लिफाफ्यात निघालं, थांबा गट. शेवंताबाईंच्याही. त्या म्हणाल्या, "चला, दोघं वेटिंगवाले. नंबर घेऊन ठेवा माझा, पीसीओचा आहे, निरोप देतात." मी खिसे चाचपले आणि पेन नसल्याचं सांगितलं. पेन शर्टाच्या खिशाला लटकत होतं.

*

थांबा गटाला एकच गोष्ट मिळायची. दर पंधरा दिवसांनी एक फोन. बोलणाऱ्या बाईंचं नाव अश्विनी. मुंबईहून बोलायच्या. प्रत्येक फोनची सुरुवात एकच, "नमस्कार प्रकाशजी, तुम्ही कुठल्या गटात आहात ते मला सांगू नका हं." त्यांना ते कळलं तर विचारताना नकळत सूर बदलेल, म्हणून हा नियम. मला तेव्हा ते फार गोड वाटायचं. आमच्या दोघांत एक गुपित आहे असं काहीसं.

पहिल्या पंधरवड्यात मला एक फिट आली होती. अश्विनीताईंनी फॉर्म काढला. कुठे होता? सोबत कोण होतं? आधी चाहूल लागली का? आदल्या रात्री झोप किती? कुणाशी भांडण झालं होतं का? पडलात तर काय लागलं? नंतर किती वेळ गुंगी होती? तेव्हा मनात काय आलं? एकूण अकरा प्रश्न. मी उत्तरं देत गेलो, त्या "हं, हं, पुढे?" म्हणत लिहीत गेल्या. फोन ठेवला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. फिट आल्यापासून कुणीही मला "पुढे?" असं विचारलं नव्हतं. कदम सांगायचा, मी ऐकायचो. सुनंदा फुली मारायची. नंतर मनात काय आलं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं गेलं. मी खोकल्यासारखं केलं.

मग मी पुढच्या फोनची वाट बघायला लागलो. आदल्या दिवशी दाढी केली. फोनसाठी दाढी करणारा माणूस मी.

त्या पंधरवड्यात एकही फिट आली नव्हती.

"अरे वा, छान. गोळ्या वेळेवर? ठीक. काही त्रास? नाही. बरं मग, पंधरा दिवसांनी बोलू."

दोन मिनिटं. मी रिसिव्हर हातात धरून बसलो होतो. गुळगुळीत गालावरून हात फिरवत.

*

आता प्लँटवरची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दर तासाला रिअ‍ॅक्टरचं तापमान आणि प्रेशर बघून लॉगशीटवर लिहायचं असतं. दर तासाला जिना चढून जातो कोण? शीट पाळी संपताना एकदम भरली जायची. त्यातही कसब आहे. नवा पोरगा सगळीकडे सरळ ऐंशी, ऐंशी, ऐंशी लिहितो आणि पकडला जातो. जुना ऑपरेटर एकोणऐंशी लिहितो, मग ब्याऐंशी, मग एक्याऐंशी. मध्ये पेन बदलतो. एखादा आकडा खोडून दुरुस्त करतो. चहाचा एक गोल डाग पाडतो. माझ्या लॉगशीट इतक्या जिवंत असायच्या की ऑडिटला सुपरवायझर त्याच पुढे करायचा.

हे कसब घेऊन मी फिटच्या डायरीवर बसलो.

तिसऱ्या फोनला दोन फिट्स. चौथ्याला दोन. पाचव्याला चार. मंगळवारी निळं पेन, शुक्रवारी काळं. एका पानावर आमटीचा थेंब. कोपराच्या हळदीचं वर सांगितलंच. खरी म्हणाल तर त्या दीड महिन्यात एकच आली, तीही हलकी, रविवारी सुनंदासमोर. बाकी सगळ्या दुपारी, मी एकटा असताना "आल्या". अश्विनीताई विचारायच्या आणि मी सांगायचो. फिटचं थोडं सांगायचो आणि त्या आडून बाकीचं. पंख्याखालच्या खुर्चीचं. रिक्षाचं. पिंकीचा आवाज बसला होता त्याचं. "मनात काय आलं?" या प्रश्नाला मी एकदा चौदा मिनिटं उत्तर दिलं.

पाचव्या फोनला त्या मध्येच थांबल्या. "प्रकाशजी, एक मिनिट दहा सेकंद म्हणालात. एकटेच होतात ना? मग वेळ कुणी लावली?"

इतक्या वर्षांचा ऑपरेटर आणि आकडा चुकला.

"अंदाजे," मी म्हणालो.

"अंदाजे," त्यांनी लिहून घेतलं. पेनचा आवाज मला ऐकू आला.

*

फिट्स वाढल्या तर माणसाला तातडीने बोलवायचं, असा ट्रायलचा सुरक्षेचा नियम होता. फॉर्मवर सही करताना तो मला वाचून दाखवला होता. मी तेव्हा खालच्या मशिनच्या थरथरीकडे लक्ष देत होतो. निरोप सुनंदाच्या ऑफिसात गेला. तिने रजा टाकली आणि मला घेऊन कॅम्प तीनला आली.

मॅडमनी माझी डायरी उघडली. "गेल्या दीड महिन्यात आठ फिट्स. हे आधीपेक्षा बरंच जास्त आहे. डॉक्टर दुसरी गोळी वाढवायची म्हणतायत."

सुनंदाने पर्समधून कॅलेंडरची फाडलेली, घडी घातलेली पानं काढली आणि डायरीशेजारी ठेवली. त्या दीड महिन्यात एक फुली. पहिल्या पंधरवड्यातली धरून अडीच महिन्यांत दोन. माझं लक्ष तेव्हा तिकडे गेलं. दोन. अट पूर्ण झाली होती. पुढच्या आठवड्यात पिंकी दुपारी घरी यायला हवी होती. आणि मी मूर्ख, डायरीवर आमटीचे थेंब पाडत होतो.

सुनंदा दोन्ही कागद बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाली, "म्हणजे दुपारी येतात. कुणी नसताना. बरं झालं बाई, आधीच कळलं. मी पिंकीला आणायचं ठरवत होते."

खाली मशिनं चालू होती. दुसरी गोळी मी खाल्ली असती. झोप आली असती, जीभ जड झाली असती, तेही चाललं असतं. पण ते "बरं झालं बाई" नाही सोसलं.

"त्या सात आल्याच नाहीत," मी म्हणालो.

"कुठल्या सात?"

"दुपारच्या. मी लिहिल्या."

"कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून खरं सांगितलं. "फिट नसली की फोन दोन मिनिटांत संपतो. असली की अकरा प्रश्न असतात."

हसतील असं वाटलं होतं. मी त्या तयारीनेच तोंड थोडं हसरं करून ठेवलं होतं. कुणी हसलं नाही. सुनंदाने कॅलेंडरच्या पानांची घडी घातली, उलगडली, परत घातली. मॅडमनी चष्मा काढला.

"लोक फिट्स लपवतील, हे आम्ही धरलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच घरच्यांनाही खूण ठेवायला सांगितली. कुणी वाढवेल हे नव्हतं धरलं. आणि थांबा म्हटलेला माणूस तीन महिने घरात काय करतो, हे तर आम्ही कुठल्याच कागदावर विचारलेलं नाही."

मी उठलो. "मग मला काढून टाका. सॉरी. तुमचं नुकसान झालं."

"बसा," मॅडम म्हणाल्या. "काढता येत नाही. लिफाफा उघडला की तो माणूस शेवटपर्यंत मोजायचा, असा नियम आहे. खोटं लिहो, यायचं सोडो, काहीही करो. गैरसोयीची माणसं वगळत गेलं तर उत्तर छान येतं, पण खरं येत नाही. तुम्ही काय केलंत ते मी लिहून ठेवणार. पण तुम्ही यादीत आहात."

किती साधं वाक्य. रिक्षातून, विहारातून, प्लँटवरून, घरच्या दुपारीतून सगळीकडून अलगद बाहेर पडलेल्या माणसाला कुणीतरी सांगत होतं की याला वगळायची सोय नाही. मी पुन्हा खोकल्यासारखं केलं.

परतताना रिक्षात सुनंदा एवढंच म्हणाली, "बारा तास मी बाहेर असते. आल्यावर मलाही अकरा प्रश्न विचारता आले असते. मी फुल्या मारत बसले." थोड्या वेळाने म्हणाली, "पण आता तुमचं खरं कुठलं मानायचं, ते सांगा."

पिंकीचं येणं पुढे गेलं. ते बरोबरच होतं.

अश्विनीताईंचे फोन बंद झाले. फॉर्म दुरुस्त करताना त्यांना माझा गट कळला होता, त्यामुळे नियमाप्रमाणे त्या मला पुन्हा विचारू शकत नव्हत्या. मी त्यांना कधी बघितलं नाही. सॉरी म्हणायचं राहिलं. त्यांच्या जागी साळवी नावाचे गृहस्थ आले. ते अकरा प्रश्न चार मिनिटांत संपवायचे. विजेचं बिल भरलं नाही म्हणून फोन आल्यासारखं वाटायचं.

*

तीन महिने भरल्यावर आमचा उपचार सुरू झाला. दर गुरुवारी, सहा जण, गोल बसून. शेवंताबाई माझ्या समोर. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "ओ भाऊ, त्या दिवशी बाकावर सरकलात ना तुम्ही? मला वाटलं, माझ्या अंगाला कपड्याच्या रंगाचा वास येतोय. घरी जाऊन दोनदा आंघोळ केली."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. रिक्षावाल्या चौकडीवर चार महिने मनात खटला चालवत होतो, आणि तेच काम मी इस्त्रीच्या शर्टात एका मिनिटात उरकलं होतं. माफी मागितली. "असू द्या," त्या म्हणाल्या, "पेन आणलंय का आज?"

उपचारात जादू नव्हती, ते आधीच सांगतो. गोळ्या सोडू नका. मॅडमनी पहिल्यांदा काय केलं, तर आम्हाला एक यादी करायला लावली. फिटमुळे मी कुठे जायचं सोडलं. माझ्या फिट्स मिनिटांच्या होत्या आणि यादी दीड पान झाली. मग त्यातली एकेक जागा, सोपीपासून सुरुवात करून, परत घ्यायची. भाजी बाजार. पिंकीच्या शाळेचं फाटक. शेवटी विहार. मी पौर्णिमेला पंख्याखालची खुर्ची उचलून पुढे नेऊन ठेवली, माइकजवळ, आणि कार्यकर्त्यांना म्हणालो, "पडलो तर कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, चप्पल तर अजिबात लावू नका. तोवर वंदना दुसरं कुणीतरी पुढे चालू ठेवा." फिट आली नाही. एका ओळीला आवाज फाटला, तो फिटने नाही, माझा मीच फाडला.

माझ्या फिट्स थांबल्या का? नाही. दोन महिन्यांत एखादी येते. ती उपचाराने कमी झाली की दिवसांनी, मला सांगता येणार नाही. मॅडमनीच शिकवलंय की एका माणसावरून ते कळत नाही, आणि त्यातून माझ्यासारख्या माणसावरून तर नाहीच. दुपार मात्र बदलली. सुनंदा आल्यावर आम्ही दोघं चहा घेऊन बसतो आणि ती विचारते, "पुढे?" कधीकधी तिचे डोळे मिटलेले असतात विचारताना. तरी विचारते.

पिंकीला मॅडमनी एकदा बोलावून घेतलं आणि फिट म्हणजे काय ते चित्र काढून समजावलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली उशी, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेलं तर शेजारच्या काकूंना हाक. तिने ते पाढ्यासारखं पाठ केलं. सुनंदाने सहा आठवडे माझी डायरी आणि आपलं कॅलेंडर रोज जुळवून बघितलं. मग एका सोमवारी दुपारी साडेबाराला लोटलेलं दार ढकलून पिंकी आत आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "भूक लागली." मी इतकं बोललो त्या दुपारी! त्या दुपारी आणि नंतरच्या प्रत्येक दुपारी. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं.

शेवटचा फोन उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी आला. साळवी.

"फिट्स?"

"एक. गेल्या बुधवारी. दुपारी."

"सोबत कोण?"

"मुलगी."

"तुमच्या बाबतीत साक्षीदाराला विचारायचं, अशी मॅडमची खास सूचना आहे," साळवी म्हणाले. "मुलीला द्या फोन."

मी फोनचा स्पीकर चालू केला आणि पिंकीला बोलावलं. ती वही घेऊनच आली. किती वेळ? "एक मिनिट वीस सेकंद. मी घड्याळ बघितलं." घाबरलीस का? "पहिल्यांदा थोडी." काय केलंस? "कुशीवर केलं. उशी दिली."

"आणि नंतर? शुद्धीवर आल्यावर पप्पा कसे होते?"

पिंकीने माझ्याकडे बघितलं, विचार केला, आणि साळवींना नीट, सावकाश सांगितलं, त्यांना लिहून घेता यावं म्हणून.

"अर्धा तास काहीच बोलले नाहीत. माझा गृहपाठ पहिल्यांदाच पूर्ण झाला."